सामानाला मोकळी वाट, माणसाला रांग

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं वय ३४, बहुराष्ट्रीय कंपनीत ११ वर्षं काढलीत, पत्नी दंतवैद्य, मुलगी सहा वर्षांची. हातात दोन पर्याय आहेत: एक म्हणजे तुमच्याच कंपनीची परदेशातली बदली, दुसरी वेगळ्या देशातल्या वेगळ्या कंपनीची नोकरी, पगार बदलीपेक्षा थोडा कमी. पुढे तुम्ही विचारता, "जग आता एकच बाजारपेठ झालंय. तेच सॉफ्टवेअर, त्याच मीटिंगा, तेच ब्रँड. मग बाहेर जाणं म्हणजे पत्ता बदलणं आणि पगार चौपट होणं, एवढंच ना?"

एवढंच असतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. मला बाहेर येऊन १९ वर्षं झाली. त्यात दोन देश झाले, एकदा नोकरी गेली, एकदा परत यायची पूर्ण तयारी करून बेत रद्द केला. मी राहते त्या देशाचं नाव मुद्दाम घेत नाही. तुमचे दोन्ही देश वेगळे आहेत, आणि मला जे सांगायचंय त्याला देशाचं नाव लागत नाही.

आधी त्या 'चौपट'कडे बघू. तो कुठून आला याचा विचार केलात का? विमानात बसलं म्हणून कुणाचं कौशल्य चौपट होत नाही. तोच लॅपटॉप, तेच काम, पलीकडे तेच सहकारी. पगार वाढतो, कारण मध्ये सीमा आहे. जग खरोखर एक बाजारपेठ झालं असतं तर एकाच कामाला दोन ठिकाणी इतके वेगळे दर टिकलेच नसते. जागतिकीकरणामुळे सीमा पुसल्या गेल्या असं आपण म्हणतो, आणि ज्या एका गोष्टीसाठी आपण निघतो ती सीमा न पुसल्यामुळेच शिल्लक असते. हे एकदा नीट लक्षात आलं की बाकीचं बरंच उलगडतं.

सीमा पुसल्या त्या सामानासाठी. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ पेट्या (कंटेनर) घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं. कल्पना माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याची: माल एकेक नग चढवण्या-उतरवण्यापेक्षा अख्खी पेटीच उचलायची. त्या पेट्यांनी मालवाहतूक इतकी स्वस्त केली की वस्तू कुठे बनते याला पुढे फारसा अर्थ उरला नाही. पैसा त्याहून वेगाने पळायला लागला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत सेवांच्या व्यापाराचा करारही. त्या करारात सेवा सीमेपलीकडे पोचवण्याचे चार मार्ग मानले आहेत. चौथा मार्ग म्हणजे माणसाने स्वतः जाऊन काम करणं. देशांनी सगळ्यात कमी मोकळा ठेवला तो हाच, आणि कराराच्या परिशिष्टात साफ लिहून टाकलं की नागरिकत्व, कायमचा निवास आणि कायमची नोकरी यांच्याशी या कराराचा संबंध नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेला कोड जाऊ शकतो, कंपनीचा नफा जाऊ शकतो, तुम्ही मात्र रांगेत उभे राहायचं.

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता यायचं. युद्धात तात्पुरते म्हणून आणलेले निर्बंध नंतर गेलेच नाहीत; १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद घेऊन पासपोर्टचा नमुना ठरवला आणि तात्पुरतं ते कायमचं झालं. (सरकारी 'तात्पुरतं' किती टिकतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १९९० मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक जगाच्या लोकसंख्येत २.९ टक्के होते, २०२४ मध्ये ३.७ टक्के, म्हणजे सुमारे ३० कोटी ४० लाख. एवढा गाजावाजा होऊनही शंभरातली ९६ माणसं जिथे जन्मली त्याच देशात आहेत. ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने दाखवलंय की जगातल्या माणसामाणसांतल्या उत्पन्नाच्या फरकाचा निम्म्याहून मोठा भाग फक्त 'कोणत्या देशात राहता' यावरून समजतो. कष्ट, शिक्षण, नशीब, सगळं उरलेल्या भागात. म्हणून पगाराचं पत्र बघून स्वतःची पाठ फार थोपटू नका, आणि मागे राहिलेल्या मित्राला मनातल्या मनात कमी लेखू नका. हे मी माझ्याच अनुभवावरून सांगतेय. पहिली दोन वर्षं दोन्ही केलं.

आता हिशेब. तुम्ही पूर्ण पगाराला विनिमय दराने गुणलंय. इथेच चूक आहे. जो पैसा त्याच देशात खर्च होणार, त्याला विनिमय दर लावायचाच नाही. त्यात तिथे काय विकत मिळतं ते बघायचं. विनिमय दर लावायचा फक्त त्या पैशाला, जो शेवटी शिल्लक राहील आणि परत पाठवाल.

शिल्लक किती राहील हे समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. जी वस्तू पेटीत बसून जहाजाने येते तिची किंमत जगभर फार वेगळी नसते. जे काम माणसाच्या हाताने, त्याच जागी, त्याच वेळी व्हावं लागतं, ते श्रीमंत देशात भयंकर महाग असतं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात याचं कारण सांगितलं, आणि उदाहरण घेतलं चार वादकांच्या मैफिलीचं. दोनशे वर्षांपूर्वी एखादी रचना वाजवायला चार माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी पट माल निघतो आणि तिथले पगार वाढतात. वादकांना तेवढे पैसे दिले नाहीत तर ते वाजवणं सोडून कारखान्यात जातील, म्हणून त्यांचेही पगार वाढतात. मूल सांभाळणारी बाई, नळ दुरुस्त करणारा, केस कापणारा, म्हाताऱ्या माणसाजवळ बसणारा, हे सगळे त्या मैफिलीतलेच.

त्यामुळे तिकडे गेल्यावर तुमच्याकडे उपकरणं भरपूर असतील आणि वेळ अजिबात नसेल. आत्ता तुमच्या घरात जी कामं दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी होतात, त्यांची यादी करा. भाबडेपणाने नको, खरी करा: कोण काय करतं, आठवड्याला किती तास. त्यातली बहुतेक कामं तिकडे तुम्ही आणि तुमची पत्नी करणार. सहा वर्षांच्या मुलीची शाळा सुटते तेव्हा तुमचं ऑफिस सुटलेलं नसतं. मधले तास कोण सांभाळणार आणि त्याचे किती, हे घरभाड्याइतकंच बारकाईने विचारा. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन पगारांतला एक जवळपास पूर्ण घरभाडं आणि पाळणाघर यांतच जायचा. कागदावर आम्ही श्रीमंत होतो.

आणि पत्नी. तुम्ही तीन परिच्छेद स्वतःच्या कामावर लिहिलेत आणि 'पत्नी दंतवैद्य आहे, तिचंही होईल काहीतरी' हे एका ओळीत उरकलंत. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. तुमचं काम जागतिक आहे, तिचं नाही. सॉफ्टवेअरवाल्याला बहुतेक देशांत व्यवसायाचा वेगळा परवाना लागत नाही. अभियंत्यांसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे, त्यातले देश एकमेकांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना बरोबरीचे मानतात. पण डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, वकील यांना बहुतेक देशांत स्थानिक मंडळाकडे नोंदणी लागते. त्यासाठी परीक्षा, भाषेची परीक्षा, कधी पुन्हा थोडं शिक्षण. यात वर्षं जातात आणि पैसाही. माझ्या नवऱ्याची अशी अडीच वर्षं गेली. त्या काळात घरात जी शांतता होती ती मला आजही आठवते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा आश्रित म्हणून येणाऱ्या जोडीदाराला त्या देशात काम करायची मुभा आहे का, आणि दंतवैद्यांची नोंदणी कशी होते, हे दोन्ही देशांच्या मंडळांच्या अधिकृत संकेतस्थळांवर तिला स्वतःला वाचू द्या. एजंटाकडून नको, आणि तुम्ही वाचून सांगितलेलंही नको.

पैसे पाठवण्याबद्दल थोडक्यात. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी ६ टक्क्यांच्या वर खर्च येतो. २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तुमच्यासारख्या बँकखातं आणि फोन असलेल्यांना यापेक्षा बराच कमी पडतो. फक्त 'शुल्क शून्य' या जाहिरातीला भुलू नका, कापलेला पैसा विनिमय दरात लपलेला असतो. आपल्या देशाचा त्या देशाशी दुहेरी कर टाळण्याचा आणि सामाजिक सुरक्षेचा करार आहे का, हेही बघा. दुसरा नसेल तर निवृत्तिवेतनासाठी भरलेली वर्षं कधीकधी दोन्हीकडे अर्धवट लटकतात.

आता माझी नोकरी गेली ती गोष्ट. सांगायला मला आवडत नाही, पण तुम्हाला उपयोगी पडेल.

मी पहिल्या देशात आले ती तिथे माझ्या कामाची माणसं कमी होती म्हणून. पाचव्या वर्षी कंपनीने ठरवलं की आमचा विभाग तिसऱ्याच, स्वस्त देशात हलवायचा. चार महिने मी रोज सकाळी व्हिडिओवर त्या नव्या टीमला माझं काम शिकवत होते. त्यातला एक मुलगा माझ्यापेक्षा हुशार होता आणि फार नम्र. त्याला ठाऊक होतं की तो कुणाच्या खुर्चीत बसतोय. मला त्याचा रागही येईना. काही वर्षांपूर्वी मी त्याच्याच जागी होते. ज्या वाऱ्याने मला आणलं, त्याच वाऱ्याने नोकरी नेली. स्थानिक सहकाऱ्यांची फक्त नोकरी गेली. माझा राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता, त्यामुळे घर, मुलाची शाळा, नवऱ्याचं नुकतंच सुरू झालेलं काम, सगळं एका पत्राच्या टोकाला लटकलं. मुदत संपायला अकरा दिवस असताना दुसऱ्या देशातली नोकरी मिळाली. योजना वगैरे काही नव्हती, निव्वळ नशीब.

म्हणून तुमच्या दोन पर्यायांपैकी बदलीचा पर्याय मला कमी आवडतो, पगार जास्त असूनही. अशा बदलीचा परवाना बहुधा त्याच कंपनीला बांधलेला असतो आणि कालमर्यादित असतो. उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या नियमात व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा मिळतो. कंपनीने उद्या विभाग हलवला तर तुम्ही कुठलेच नाही. कमी पगाराच्या नोकरीत कायम निवासाकडे जाणारी वाट असेल तर तो फरक मी आनंदाने सोडेन. दोघांनाही लेखी विचारा: नोकरी गेली तर देशात किती दिवस राहता येतं, मालक बदलता येतो का, ही वर्षं कायम निवासासाठी धरली जातात का. आणि सहा महिन्यांचा खर्च त्या देशाच्या चलनात बाजूला ठेवल्याशिवाय घर-गाडीच्या कर्जाकडे बघूसुद्धा नका.

तिथल्या लोकांबद्दल. तुम्हाला काही जणांच्या डोळ्यांत कडवटपणा दिसेल. त्यातला काही निव्वळ वर्णद्वेष असतो, त्याला दुसरं नाव देऊ नये. पण सगळा तसा नसतो. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला. त्या सुमारास वाढत गेलेल्या चिनी आयातीचा अमेरिकेवर काय परिणाम झाला हे अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांचा अंदाज असा की १९९९ ते २०११ या काळात त्यामुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की एका धंद्यातली माणसं दुसऱ्या धंद्यात जातात. ती गेली नाहीत. कारखाना बंद पडलेल्या गावातच राहिली, आणि गावं खचत गेली. देशाला एकूण फायदा झाला, तो त्यांच्या दारापर्यंत आला नाही. अशा माणसाला तुमचा चेहरा म्हणजे त्या सगळ्या उलाढालीचा एकमेव दिसणारा पुरावा असतो. पेट्या आणि पैसा त्याला दिसत नाहीत.

हा राग नियमांपर्यंत पोचतो. १ मे २००४ ला युरोपीय संघात दहा देश आले, तेव्हा त्यातल्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या आठ देशांच्या कामगारांना ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच लगेच दार उघडलं. बारा वर्षांनी, २३ जून २०१६ ला, ब्रिटनने संघातूनच बाहेर पडायचा कौल दिला. त्या प्रचारात स्थलांतर हा सगळ्यात तापलेल्या मुद्द्यांपैकी एक होता. तुम्ही आजचे नियम वाचून दहा वर्षांचा बेत आखताय. नियम बदलणार, हे धरूनच आखा. प्रत्येक करारपत्र, पगारपत्रक, करभरणा, भाड्याची पावती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

संस्कृतीचं तुम्ही लिहिलंय, 'आता सगळीकडे सारखंच'. विमानतळ सारखे आहेत, हे मान्य. समाजशास्त्रज्ञ रोलंड रॉबर्टसन म्हणायचे की जागतिक गोष्ट कुठेही गेली की तिला स्थानिक वळण घ्यावंच लागतं. माझा अनुभव असा की सारखेपणा वरच्या थरात असतो आणि म्हणूनच तो फसवतो. तुम्ही ११ वर्षांत मीटिंगची भाषा शिकलात. मीटिंग संपल्यावर दारात जे दोन मिनिटं बोललं जातं, ती भाषा शिकवायला कुणी येत नाही. मी पहिलं वर्ष वरिष्ठांसमोर आदराने गप्प बसत होते. वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात लिहून आलं की यांना स्वतःचं मत दिसत नाही. मी वाचून हसले आणि मग रात्रभर जागी राहिले.

ही वाट कशी जाते याचा थोडा अभ्यास झालेला आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन विद्वानांबद्दल लिहिलं: सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले खूश, दीड वर्षाहून जास्त राहिलेले रुळलेले, मधलेच सगळ्यात हैराण. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण माझं अगदी तसंच झालं. सुरुवातीचे महिने नवलाईत जातात. मग एखाद्या रविवारी दुपारी लक्षात येतं की आठवडाभरात कामाव्यतिरिक्त कुणी आपल्याशी बोललेलंच नाही. ती वेळ आली की निर्णय घेऊ नका; आणखी सहा महिने थांबा.

फोनचंही सांगते. पूर्वीच्या लोकांना पत्राची वाट बघावी लागायची, म्हणून नाइलाजाने का होईना शेजाऱ्याशी बोलावं लागायचं. आता सकाळ-संध्याकाळ व्हिडिओवर घर असतं, मागच्या बातम्या असतात, मागची भांडणं असतात. शरीर इकडे आणि सगळा जीव तिकडे, अशी दहा-दहा वर्षं काढलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांच्या मनातला मायदेशही त्यांनी सोडला त्या साली थांबलेला असतो. तिथली माणसं केव्हाच पुढे गेलेली असतात, आणि हे मात्र जुन्या रीतींचे पहारेकरी. स्थानिक भाषा पहिल्या दोन वर्षांत शिका. काम इंग्रजीत भागतं म्हणून टाळलंत की पुढे कधीच होत नाही.

मुलीची काळजी तुम्ही चुकीच्या बाजूने करताय. ती नवी भाषा शिकेल की नाही हा प्रश्नच नाही, ती तुमच्या आधी शिकेल आणि दुकानात तुमच्या चुका दुरुस्त करेल. जाणार आहे ती जुनी भाषा. बोलणं समजत राहतं, उत्तर दुसऱ्या भाषेत यायला लागतं, वाचणं-लिहिणं कधी सुटलं ते कळतही नाही. माझा मुलगा आजीचं बोलणं पूर्ण समजतो आणि तिला तीन शब्दांत उत्तर देतो. आजी म्हणते, शांत आहे हो पोरगा. तो अजिबात शांत नाही.

आईवडिलांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीही लांबवत नाही. एवढंच, की 'एका रात्रीच्या विमानाचं अंतर' हा हिशेब २०२० मध्ये एका आठवड्यात खोटा ठरला. सामानाची जहाजं चालू होती. माणसांची दारं बंद.

परतीचं दार उघडं ठेवा, त्यात कमीपणा नाही. भूगोलतज्ज्ञ एर्न्स्ट रेव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्येच नोंदवलंय की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. घर लगेच विकू नका, व्यावसायिक नोंदणी चालू ठेवा, विशेषतः पत्नीची.

आता पहिलं काम: कंपनीला होकार कळवण्याची तारीख पुढे ढकलता येते का विचारा. दंतवैद्यांच्या नोंदणीबद्दल तुमच्या पत्नीला जे कळेल, ते शक्य असेल तर त्यांनाच मला लिहायला सांगा. माझ्या नवऱ्याने त्या अडीच वर्षांत कागदपत्रांची जी फाईल केली होती ती अजून कपाटात आहे. देश वेगळा असला तरी कोणत्या क्रमाने काय मागतात ते त्यातून कळेल. मी त्या फाईलचे फोटो काढून पाठवते.